घर एकोणीस, चूल एक

१२ जानेवारी १९८१

नववी ब, समाजसेवेचा तास. गेल्या वर्षी या तासाला मुलींनी बसस्टँडसमोरचा रस्ता झाडला, हातात झाडू घेऊन फोटो काढला, सगळ्यांना 'अ' श्रेणी. मला पुन्हा ते नको होतं. तीन वर्षांत निवृत्ती. जाण्यापूर्वी एकदा तरी काही धड शिकवावं.

तर ठरलं असं. वर्गातल्या तिघी नदीपलीकडच्या घाटटोलीच्या. रोज कारधा गावाकडून पूल ओलांडून चालत शाळेत येतात. त्यांच्या गावाची घरोघर नोंद करायची. माणसं किती, शिकलेली किती, ढोरं किती, पाणी कुठून. मग वर्गात बसून गावाचा नकाशा.

कुटुंब कशाला म्हणायचं यावर पाऊण तास भांडण. एका छपराखाली तीन भाऊ, मग कुटुंब एक की तीन? शेवटी मी फळ्यावर लिहिलं, एक चूल म्हणजे एक कुटुंब. तिसऱ्या बाकावरच्या शेवंताने हात वर केला. घाटटोलीचीच ती. वर्गात सगळ्यांत कमी बोलते.

"बाई, चूल म्हंजे नुसती मांडलेली का पेटलेली?"

मुली खिदळल्या. मी म्हटलं, पेटलेली. आत जायचं, डोळ्यांनी बघायचं, दिसेल ते लिहायचं. कुणी सांगितलं म्हणून लिहायचं नाही.

हे माझं नव्हे, माझ्या मिशन शाळेतल्या सिस्टर बर्नार्डांचं. दर शनिवारी बोर्डिंगच्या मुलींना रांगेने मिशनमागच्या वस्तीत न्यायच्या. दुधाची किटली, पावाची टोपली, आणि प्रत्येकीकडे एक छोटी वही. परतल्यावर वह्या तपासायच्या. मी एकदा लिहिलं, म्हातारी दुःखी होती. त्यावर लाल रेघ. "तू म्हातारी पाहिलीस की दुःख पाहिलंस?" चाळीस वर्षं झाली. आजही काही लिहिताना आधी ती रेघ दिसते.


१७ जानेवारी, शनिवार

घाटटोली. एकवीस मुली, मी, आणि वाटेत कुठूनसं मागे लागलेलं एक कुत्रं.

शेवंताचा आजा मंगळवारी गेला. तीन दिवस शाळेत नव्हती. वाटलं, आज भेटणार नाही. तर गावाच्या तोंडाशी वही घेऊन उभी. केसांना तेल नाही, डोळे सुजलेले.

"घरी बस गं पोरी."

"नाई बाई. माह्या ओळीचं मीच लिवतो. दुसरीले कोनाचं घर कुठं सरते ते नाई समजत."

डोक्यावरून हात फिरवला. ज्या ओळीत घर, ती ओळ त्या मुलीची, असं मीच वाटून दिलं होतं.

त्यांच्या घराशी पुरुषमंडळी खाली मान घालून बसलेली. सुतकाच्या घरात वीस पोरी घेऊन शिरणं बरं दिसेना. लांबूनच हात जोडले आणि सरपंचांच्या ओसरीवर जाऊन बसले. चहा, तिळाचे लाडू, पाठीवर ऊन. समोरच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ माझ्या कमरेच्या वर. सरपंचीणबाई म्हणाल्या, "दर दोन-तीन सालाले येते जी पानी. आता सवय झाली."

मुली दोन-दोन करून घरांत शिरत होत्या, वहीत लिहीत बाहेर येत होत्या. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.


३१ जानेवारी

चार ड्रॉइंग पेपर खळीने जोडले. निळी नदी, पिवळे रस्ते, प्रत्येक चुलीला एक लाल ठिपका. पक्की वही शेवंताने उतरवली, तिचं अक्षर छापल्यासारखं आहे म्हणून. मी पानोपानी बरोबरच्या खुणा करत गेले.

हे असते तर म्हणाले असते, रात्री-बेरात्री वह्या काय तपासतेस, डोळे जातील. सहा वर्षं झाली त्यांना जाऊन. आता डोळ्यांची काळजी करणारं कुणी नाही, आणि ते खरोखरच चाललेत.


२१ फेब्रुवारी

जिल्ह्याच्या प्रदर्शनात आपला नकाशा पहिला. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, एरवी माझ्याशी कामापुरतं बोलतात. आज सगळ्यांसमोर हात धरला. शेवंताला 'अ'. नकाशा घाटटोलीच्या ग्रामपंचायतीला भेट दिला, वही शाळेत.

घरी येऊन एकटीच पेढा खाल्ला.


२० जुलै

घाटटोलीचे ग्रामसेवक शाळेत आले होते. गाव वर उचलणार! टेकाडावर नवं गावठाण, पुराच्या बाहेर. दर कुटुंबाला एक प्लॉट. याद्या लगेच हव्यात आणि यांच्याकडे अजून तीन गावं.

"बाई, तुमच्या पोरींनी माझं महिन्याचं काम करून ठेवलं बघा."

वही दिली. त्यांनी जागेवर बसून नक्कल उतरवली, मी प्रत्येक पानाखाली सही केली. मोठ्या बाईंनी शिक्का दिला. दहावीच्या वर्गात जाऊन मुद्दाम सांगितलं, मुलींनो, तुमच्या वहीवरून एक अख्खं गाव वसणार आहे. टाळ्या. शेवंता लाजून खाली बघत होती.

सिस्टर असत्या तर त्यांना पत्र लिहिलं असतं.


९ सप्टेंबर

मधल्या सुट्टीत शिपाई म्हणाला, फाटकाशी एक माणूस उभा आहे, आत या म्हटलं तर येत नाही. शेवंताचे वडील, दामोदर. चपला हातात. मी म्हटलं, घाला हो, ही शाळा आहे. नाही घातल्या.

"बाई जी, यादी लागली. आमच्या घरावर एकच प्लॉट निंगाला. दादाच्या नावानं. माहं नाव नाई, लहान्या भावाचं नाव नाई."

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. मी म्हटलं, तुम्ही एकत्र असाल ना?

"नाई जी. सहा साल झाले वेगळे निंगालो. तीन दरवाजे, तीन चुली. तुमच्या शाळेच्या वहीत एकच आहे म्हनते."

असं होणारच नाही, म्हटलं. वही काढते, बघते. ते हात जोडून गेले. पुलाच्या दिशेने जाताना चपला घातलेल्या दिसल्या.


९ सप्टेंबर, पुन्हा

वही बघितली. घर क्रमांक १९. चूल १. माणसं १७.

सतरा. सतरा माणसं एका चुलीवर, आणि मला त्यात काही खटकलं नाही. त्यावर माझी लाल खूण आहे. समासात माझ्याच हातचं, 'छान'.


१० सप्टेंबर

तास संपल्यावर शेवंताला थांबवलं.

"तुमच्याकडे चुली किती?"

"तीन."

"मग एक का लिहिलीस?"

ती म्हणाली, "आजा गेला होता ना बाई. तेरवीपर्यंत सारे भाऊ एकाच चुलीवर जेवतेत. बाकीच्या पेटवत नाईत. आमच्याकडं तसंच राहते. तुमी म्हनलं होतं, पेटलेली लिवायची. दिसन ते."

"पण तुला माहीत होतं ना गं."

"हो. पन मी घरची होतो. मले वाटलं, माह्या घराचं म्हनून मी जास्ती लिवलं असं नको व्हाले."

चौदा वर्षांची पोर आजोबा गेल्याच्या पाचव्या दिवशी स्वतःच्या घरात परक्यासारखी शिरली आणि माझा नियम पाळून आली. आणि मी ओसरीवर लाडू खात होते. सुतक आहे हे माहीत होतं, चुलीचा नियम माझाच होता. दोन्ही गोष्टी माझ्याच डोक्यात होत्या. एकमेकींना भेटल्या नाहीत.

तिला म्हटलं, चूक माझी आहे, मी दुरुस्त करून आणते. मान हलवली. विश्वास ठेवला बहुतेक.


१४ सप्टेंबर

मोठ्या बाईंना सांगितलं, नोंद चुकली असं शाळेच्या लेटरहेडवर लिहून द्यायचंय.

"त्या दिवशी पेटलेली चूल एकच होती ना?"

"एकच."

"मग चूक कुठे झाली? आणि लिहून दिलंत की उद्या प्रत्येक घरवाला फाटकाशी उभा राहील. शाळेचं नाव जिल्ह्यात झालंय, ते असं पुसायचं का?"

वाईट बाई नाहीत त्या. त्यांना खरंच चूक दिसत नव्हती. लेटरहेड मिळालं नाही. साध्या फुलस्केपवर माझ्या नावाने लिहिलं, दोन प्रती, आणि शाळेतून परस्पर तहसील कचेरीत देऊन आले. तीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांना न सांगता केलेली पहिली गोष्ट.


२७ सप्टेंबर, रविवार

घाटटोलीला जाऊन आले. एकटी. लिहू नयेसं वाटतंय.

यादीची बातमी पसरल्यावर गावभर नव्या चुली मांडल्यात. ओली माती, अजून बोटांचे ठसे दिसतात. पारावर एक म्हातारबा बसले होते, मला ओळखून म्हणाले, "या बाई, या. आता गावात मानसापरीस चुली जास्त झाल्या. म्याबी गोठ्यात एक मांडली. म्हटलं, बैल वेगळा निंगाला!" सगळे हसले. मीही हसले आणि मग हसू आवरलं.

घर एकोणीस पहिल्यांदाच आतून पाहिलं. लांबलचक घर, मधे कुडाच्या भिंती, तीन दरवाजे, तीन चुली. पण नुकत्याच सगळ्या सारवल्या होत्या, नवरात्राच्या आधी सारवतातच. जुनी कुठली आणि नवी कुठली, कुणाला सांगता येणार? शेतीचा सातबारा गेलेल्या म्हाताऱ्याच्या नावावर. रेशनकार्डही म्हाताऱ्याचंच. वेगळं निघाल्याचा कागद म्हणून कुठे नाहीच. भाऊ वेगळे होतात ते चुलीने, कागदाने नाही.

धाकट्या भावाची बायको सूप आपटत बोलली. "सतरा जनायचा भात एका चुलीवर! तुमच्या शाळेत भात सिजवाले शिकवत नाईत का जी?" मग शेवंताकडे वळली. "आन् हे शिकलेली! बापाचं घर पुसून आली अन् वरतून बक्षीस घेऊन आली."

शेवंता भांडी घासत होती. वर बघितलं नाही.

थोरला भाऊ सभ्यपणे बोलला. "माहे तीन पोरं मोठे झाले बाई. यादीत देवानं माहं नाव घातलं. मी कायले म्हनू का नाव काढा?" मग म्हणाला, "बाप होता तवर एका हाकेत होतो सारे."

दामोदर मला पुलापर्यंत सोडायला आले. वाटेत एवढंच म्हणाले, "बाई, पानी आलं का आमचंच दार पयले बुडते. सखल हाय ना."


१२ ऑक्टोबर

तहसील कचेरी, तिसरी खेप. नायब तहसीलदार तरुण आहेत, नीट बोलतात, बसायला खुर्ची देतात. समोर अर्जांचा गठ्ठा. एकट्या घाटटोलीचे.

"बाई, तुम्ही माझ्या जागी बसून बघा. आता सगळेच म्हणतात आम्ही वेगळे. तुमच्या मुलींनी नोंद केली तेव्हा कुणाला काही मिळायचं नव्हतं. म्हणून तीच एक नोंद खरी मानावी लागते."

चांगलं काम केलं म्हणूनच ते मोडता येत नाही.

शेवटी म्हणाले, जागेवर येऊन चौकशी करतो. तुम्ही हजर राहा.


२ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. शेवंता आली नाही. घाटटोलीच्या बाकीच्या दोघी आल्या.

"तिले घरून नाई धाडत बाई. तिची काकू म्हनते, शिकूनच तर हे झालं."

"आणि वडील?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "ते काईच नाई म्हनत."

हजेरी घेताना तिचं नाव वाचलं. सवयीने. कुणी 'हजर' म्हटलं नाही, पुढचं नाव घेतलं.


९ नोव्हेंबर

अजून नाही. तिसऱ्या बाकावर आता दुसरी मुलगी सरकून बसते. मी उठवलं, मग वाटलं कशाला, आणि बसू दिलं.

आज कपाटातून बोर्डिंगचा जुना फोटो काढला. पांढरे फ्रॉक, काळे मोजे. मधे सिस्टर. मेणाने पुसलेल्या फरशीचा वास एकदम आला. किती सोपं होतं तिथे. शनिवारी वस्तीत जायचं, दूध द्यायचं, लिहायचं, परत यायचं. त्या वह्यांचं पुढे काय झालं, कुणी वाचल्या का, कुणाचं काही बिघडलं का, आम्ही कधी विचारलं नाही. आमच्या वहीवरून कधी काही झालंच नसेल. म्हणून आम्ही निर्मळ.


१७ नोव्हेंबर

उद्या चौकशी. साहेबांच्या शिपायाने चिठ्ठी आणून दिली. मला काय विचारतील? पुन्हा पुन्हा मनात म्हणून बघते आहे. खरं तेवढं सांगायचं. नियम माझा होता, सुतक होतं, मुलीने नियम पाळला. पुरेल का. पुरलं पाहिजे.


१८ नोव्हेंबर

घर एकोणीसच्या अंगणात खाट टाकली होती. साहेब, कारकून, ग्रामसेवक, सरपंच. बाजूला निम्मं गाव. शेवंता मधल्या दाराची चौकट धरून उभी. वाळली आहे.

साहेबांनी आधी थोरल्याला विचारलं. "तुम्ही वेगळे की एकत्र?" तो जमिनीकडे बघत म्हणाला, "यादीत आहे तसे." अंगणात कुजबुज. धाकट्याची बायको बोलायला लागली, तिला साहेबांनी हाताने थांबवलं.

मग माझ्याकडे.

मी ठरवलेलं सगळं सांगितलं. नियम, सुतक, तेरवी. ते ऐकत होते, कारकून लिहीत होता.

"हे तुम्हाला नंतर कळलं."

"हो."

"कुणी सांगितलं?"

"मुलीने."

"म्हणजे घरच्याच माणसाने." कारकुनाचा हात थांबला. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "बाई, मला एवढंच सांगा. त्या दिवशी तुम्ही स्वतः आत जाऊन पाहिलं होतं का?"

दामोदर माझ्याकडे बघत नव्हते. नदीकडे बघत होते.

मी म्हटलं, "हो."

"काय पाहिलंत?"

"तीन चुली. एक पेटलेली. दोन विझलेल्या."

"त्या दोन जुन्या होत्या, की तशाच मांडून ठेवलेल्या?"

"जुन्या. मागची भिंत काजळीने काळी होती. एका चुलीच्या तोंडाशी मातीचा तडा गेला होता."

तडा कुठून आला, देव जाणे. विचार न करता आला. आणखीही पुष्कळ सांगू शकले असते.

"मग वहीत एक का राहू दिलीत?"

"माझं लक्ष चुकलं."

तेवढं एक खरं.

कारकुनाने लिहिलं. मी सही केली. अंगणात कुणी हललं नाही. त्या दिवशी मी कुठे होते ते अर्ध्या गावाने पाहिलंय. सरपंचांच्या ओसरीवर. सरपंच माझ्यापासून हातभर अंतरावर बसले होते, त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि चहा मागवला. थोरला भाऊ उठून निघून गेला. तो उद्या काय बोलेल, कुणाकडे बोलेल, ठाऊक नाही.

शेवंता चौकटीशी नव्हती. कधी आत गेली कळलं नाही.


१९ नोव्हेंबर

झोप नाही. बोर्डिंगमध्ये कॅथलिक मुली शनिवारी संध्याकाळी कन्फेशनला जायच्या. जाळीच्या लाकडी पेटीशी गुडघे टेकायचे, कुजबुजायचं, हसत बाहेर यायचं. आम्हा हिंदू मुलींना ते नव्हतं. तेव्हा हेवा वाटायचा. आज त्या पेटीशी गेले असते तर काय सांगितलं असतं? की पश्चात्ताप होतोय? होत नाही. हेच तर.

भीती मात्र आहे. माझं खोटं उघडं पडलं तर त्याबरोबर दामोदरचं खरंही जाईल.


२६ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर घाटटोलीला गेले. कचेरीतून अजून काही आलेलं नाही. शेवंता बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात होती. धानाची कापणी चालली आहे. हातात विळा, कमरेला पदर खोचलेला. मला बघून बांधावर आली. अंतर ठेवून बसली.

दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरायचाय म्हटलं. तू पास होशील, चांगली पास होशील. हजेरीचं मी मोठ्या बाईंशी बोलते. फी मी भरते.

ती धानाची काडी सोलत होती.

"बाई, तुमी आत आल्याच नव्हत्या त्या दिवशी."

"नाही आले."

"मंग खोटं काहून बोलल्या?"

"तुमच्या घरासाठी. जे खरं आहे ते त्यांच्या कागदावर यावं म्हणून."

बायका पलीकडे गाणं म्हणत कापत होत्या.

"असं चालते, हे मले तवाच सांगाले पायजे होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मी आत बसून तीन वेळा मोजलं होतं बाई. तीन लिवलं, खोडलं. पुन्हा लिवलं, पुन्हा खोडलं. मंग नवीन पान घेतलं."

मी तिचा हात धरायला गेले. विळ्याचा हात होता, तिने तो बाजूला घेतला, मला लागू नये म्हणून.

"जातो बाई. आई हाक मारून राहिली."

कुणी हाक मारली नव्हती.


२९ नोव्हेंबर

वही पुन्हा काढली. कच्च्या वहीची पानं मुलींनी मला दिलीच नव्हती, मी मागितली नव्हती. पक्क्या वहीत खाडाखोड नाही. एकोणीस नंबरचं पान सगळ्या वहीत सर्वांत स्वच्छ आहे.


१ डिसेंबर, मंगळवार

कचेरीत विचारून आले. घाटटोलीची सुधारित यादी वर गेलीय. वर म्हणजे कुठे, ते कुणी सांगत नाही. महिना लागेल, सहा लागतील. एकोणीस नंबरचं काय, म्हटलं. कारकून म्हणाला, तुमचा जबाब जोडलाय बाई. आणखी एक अर्जही जोडलाय, परवा आला. कुणाचा, ते सांगायचं नाही. थोरल्याचा असेल. किंवा आणखी कुणाचा.

शाळेत शेवंताचा फॉर्म काढला. नाव, जन्मतारीख, विषय, सगळं भरलं. मोठ्या बाईंनी हजेरीवर सही दिली, एका शब्दाने काही न विचारता. आश्चर्य वाटलं. जाताना म्हणाल्या, "येईल का ती?" मी म्हटलं, माहीत नाही.

विद्यार्थिनीची सही तेवढी राहिली आहे. शनिवारी शेवटची तारीख. घाटटोलीच्या मुलींबरोबर दोनदा निरोप पाठवला. काल म्हणाल्या, ऐकलं तिनं, बोलली काईच नाई.

ऑफिसातले क्लार्क फॉर्म चाळत होते. "ही एकच सही अडलीय होय? करून टाका ना बाई तुम्हीच. कोण बघतंय."

मी फॉर्म त्यांच्या हातून घेतला, घरी आणला. आता समोर आहे. दिव्याखाली ती रिकामी रेघ बरीच लांब वाटते.

अक्षर मला तिचं येतं. दोन वर्षं तपासलंय. 'श' ची गाठ ती खालून मारते.

दौत बंद करून ठेवली. अजून चार दिवस आहेत.